वणवा डोंगरात लागतो, घर दारातल्या कडब्यानं जळतं

बीड जिल्ह्यात वणव्याचा विषय काढला की लोक म्हणतात, आपल्याकडं कुठलं आलंय जंगल? राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना होते, हे खरंच आहे. पण वणव्याला घनदाट झाडी लागत नाही. त्याला वाळलेलं गवत पुरतं, आणि ते आपल्याकडं पाटोदा, आष्टी, शिरूरपासून धारूर, अंबाजोगाई, परळीपर्यंत बालाघाटच्या सगळ्या डोंगरउतारांवर पसरलेलं आहे. पावसाळ्यात कमरेला लागणारं हे कुसळी गवत डिसेंबरअखेर वाळून कडकडीत होतं. वन विभाग साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांना या दिवसांत रात्री डोंगरावर दिसणारी आगीची माळ नवी नाही. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वन विभाग आणि अभिनेते सयाजी शिंदे यांची सह्याद्री देवराई ही संस्था यांनी मिळून झाडं वाढवली, तिथंच १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० ला वृक्ष संमेलन भरलं. त्या झाडांनाही आगीनं सोडलं नाही.

झाडांचं दुःख मोठं आहेच, पण हा लेख घरांसाठी आहे. गेल्या एका पिढीत आपल्या गावांची राहणी बदलली. गावठाणातलं माळवद सोडून माणसं शेतात वस्तीवर राहायला गेली. माळवदाच्या घरावर वीतभर मातीचा थर असतो, त्यावर पडलेली ठिणगी जागीच विझते. वस्तीवर मात्र पत्र्याचं शेड, त्याला टेकून जनावरांचं सप्पर, सप्पराला लागून कडबा, मागच्या भिंतीला पऱ्हाट्या, समोर सावलीसाठी बांधलेलं हिरवं शेडनेट आणि कोपऱ्यात ठिबकच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं. पाठीमागं शे-दोनशे फुटांवर गायरान किंवा वन विभागाची हद्द. वणवा या वस्तीला थेट गिळायला येत नाही. तो डोंगराच्या कडेनं निघून जातो, आणि त्यानं उडवलेली एखादी ठिणगी मागं राहून घर पेटवते.

ही गोष्ट जगानं फार मोठी किंमत देऊन शिकली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला वणव्यात सापडलं. ८५ माणसं गेली, १८ हजारांवर इमारती जळाल्या. नंतरच्या छायाचित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: घराच्या जागी राखेचा चौकोन, आणि त्याच्या शेजारची झाडं हिरवी उभी. आगीची भिंत गावावरून चाल करून गेली असती, तर झाडं आधी जळाली असती. घरं पेटली ती उडत आलेल्या ठिणग्यांनी, आणि पुढं एका घरानं दुसऱ्याला पेटवल्यानं. तिथल्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन अनेक वर्षं हेच सांगत आले की घर वाचणार की जाणार, हे घर आणि त्याच्या सभोवतालचे शंभर फूट ठरवतात.

गवताच्या आगीला हे अधिकच लागू पडतं. गवताची आग एका जागी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात विटांची भिंत पेटत नाही. वाऱ्यानं पुढं उडालेला पेटता गवताचा तुकडा मात्र कडब्याच्या गंजीत शिरतो, अर्धा तास आत धुमसतो, आणि सगळे डोंगराकडं बघत असताना मागून भडका होतो. डोंगर वन विभागाचा असेल, गायरान सरकारी असेल, आग लावणारा कुणी तिसराच असेल. घराभोवतीचे शंभर फूट मात्र तुमचे आहेत, आणि ते संक्रांतीच्या आधी साफ करणं हे घरमालकाचं काम आहे. ते काम दुसरं कुणी येऊन करणार नाही, आणि वणवा दिसल्यावर ते करायला वेळही मिळत नाही.

घराला एक फेरी मारा

एखाद्या दुपारी घराच्या भिंतीला हात लावून पूर्ण फेरी मारा. भिंतीपासून पाच फुटांच्या आत जे जे जळू शकतं, ते उचला. हा पाच फुटांचा पट्टा सगळ्यांत मोलाचा. इथं सरपण नको, गोवऱ्यांची रास नको, खताची रिकामी पोती नकोत, झाडूनं लोटून ठेवलेला पाला नको. जमीन सारवलेली, फरशीची किंवा नुसती मुरमाची असावी. अंगण सारवायची आपली जुनी सवय या कामी पुरेपूर उपयोगाची आहे, फक्त ती समोरच्या अंगणापुरती न ठेवता घराच्या मागं आणि बाजूंनाही न्यायची. बहुतेक घरांची मागची बाजूच डोंगराकडं असते, आणि अडगळ नेमकी तिथंच साठते.

त्यापुढं तीस फुटांपर्यंत गवत बोटभरापेक्षा उंच ठेवू नका. झाडं असू द्यात, उन्हाळ्यात सावली लागते. पण खालच्या लोंबत्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत छाटा आणि बुडाचा पाला उचला, म्हणजे जमिनीवरची आग शेंड्याला पोचणार नाही. पत्र्यावर टेकलेली बाभळीची किंवा लिंबाची फांदी तोडाच. तीस ते शंभर फुटांत आग थोपवेल अशी रचना हवी: नांगरलेलं रान, मोकळं खळं, गाडीवाट, हिरवा घास किंवा भाजीपाल्याचा तुकडा. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला जास्त अंतर ठेवा. आग चढावर वेगानं पळते. उतार दहा अंशांचा असला तर तिचा वेग सपाटीच्या सुमारे दुप्पट होतो, वीस अंशांचा असला तर चौपट. दुपारी वाराही डोंगराच्या पायथ्याकडून माथ्याकडं चढतो, त्यामुळं पठाराच्या काठावरच्या वस्त्यांना खालून धोका अधिक.

आता कडबा. हा विषय नाजूक आहे, कारण कडबा म्हणजे जनावरांचा सगळा उन्हाळा. दुष्काळी सालात त्याच्या पेंढीला सोन्याचा भाव येतो, म्हणून माणूस तो डोळ्यांसमोर, गोठ्याला चिकटून रचतो. चोरी होऊ नये, रात्री वैरण टाकायला लांब जावं लागू नये, ही दोन्ही कारणं रास्त आहेत. तरीही गंजी घरापासून आणि गोठ्यापासून किमान शंभर फूट दूर न्या. जागा कमी असेल तर निदान साठ-सत्तर फूट तरी. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहतो. त्यामुळं शक्य तिथं गंजी घराच्या पूर्वेला असावी, म्हणजे ती पेटली तरी ठिणग्या घरावर येणार नाहीत. तुमच्या रानात डोंगराच्या आडोशानं वारा वेगळा वळत असेल, तर तो पाहून ठरवा. एकच थोरली गंजी रचण्याऐवजी दोन लहान गंज्या अंतर सोडून रचा. एक गेली तरी दुसरी जनावरांना पावसाळ्यापर्यंत नेते. रोजच्या वैरणीपुरत्या आठ-दहा पेंढ्या गोठ्याजवळ ठेवा, त्याहून जास्त नकोत. पुढच्या साली जमलं तर कडब्याची कुट्टी करून विटांच्या खोलीत भरा. कुट्टीत वैरणीची नासाडी कमी होते, आणि बंद खोलीत ठिणगीला शिरकाव मिळत नाही.

गंजीभोवती पाच-सहा फूट जमीन खरडून काढा. वरून महावितरणची तार जात असेल तर तिच्याखाली गंजी रचूच नका. वाऱ्यानं तारा एकमेकींना घासल्या की खाली ठिणग्यांचा पाऊस पडतो. अशा झोळ पडलेल्या तारांबद्दल वायरमनला तोंडी सांगून भागत नाही. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, उपकेंद्रात अर्ज देऊन पोच घ्या. पुढं काही झालंच तर हा कागद कामी येतो. सोयाबीनचं भुसकट ओलं असताना दाबून रचलं तर आतल्या आत तापतं आणि बाहेरची ठिणगी नसतानाही पेटू शकतं. ढिगात हात घालून पाहा. चटका बसेल इतकं गरम लागलं तर ढीग मोडून पसरा, पण पाणी हाताशी ठेवूनच, कारण हवा लागताच तापलेलं भुसकट भडकू शकतं.

पऱ्हाट्यांचं काय करायचं? कापसाचं रान मोकळं झालं की पऱ्हाट्या उपटून घराच्या मागच्या भिंतीला उभ्या करायच्या आणि वर्षभर चुलीला, बंबाला वापरायच्या, ही घरोघरची रीत. भिंतीला टेकलेल्या वाळक्या पऱ्हाट्या एकदा पेटल्या की त्यांची धग खिडकीची चौकट आणि पत्र्याखालची लाकडं पेटवते. महिनाभर पुरतील एवढ्या घराजवळ ठेवा, बाकीच्या कडब्यासारख्याच दूर रचा, किंवा श्रेडरनं बारीक करून खताच्या खड्ड्यात टाका. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडण्यासाठी पऱ्हाट्या वेळेवर रानाबाहेर काढून नष्ट करा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतोच. श्रेडरच्या एका फेरीत दोन्ही कामं होतात.

कापूस तर त्याहून जपायचा. भाव वाढेल म्हणून कित्येक घरांत झोपायच्या खोलीत छताला लागेपर्यंत कापूस भरलेला असतो, आणि त्याच्या कडेला खाट टाकून घरचे झोपतात. कापूस आतून धुमसतो, वरून दिसत नाही, आणि त्याचा धूर झोपेतच माणसाला बेशुद्ध करतो. कापसाच्या खोलीत माणूस झोपू नये, देव्हाऱ्याचा दिवा असू नये, मोबाईल चार्जिंगला लावू नये, आणि तिथली खिडकी बारीक जाळी लावून बंद असावी. लांबच्या वणव्याची ठिणगी उघड्या खिडकीतून कापसावर पडली, तर घर वाचवायला कुणालाच उसंत मिळत नाही.

शिडी लावून छपरही पाहा. पत्रा जळत नाही, पण पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट बहुतेक ठिकाणी पोती किंवा जुन्या साड्या कोंबून बुजवलेली असते. ठिणगी तिथंच अडकते. ती फट मातीनं किंवा सिमेंटनं लिंपा, हवेसाठी ठेवायची असेल तर बारीक तारेची जाळी मारा. पत्र्यावर टाकलेले टायर, लाकडं, नळ्या उतरवा. पत्रा उडू नये म्हणून वजन हवंच असेल तर दगड ठेवा. तुराट्यांचा कुड असेल तर तो आतून-बाहेरून शेणामातीनं जाड लिंपा. हा गिलावा पूर्वापार चालत आलेला आहे, आणि उघड्या तुराट्यांच्या मानानं तो आगीला कितीतरी जास्त वेळ तोंड देतो. दिवाळीला लिंपलेला कुड माघात तडकतो, म्हणून फेब्रुवारीत एक हात पुन्हा फिरवा. शेडनेट घराला बांधलेलं असेल तर निदान अशा गाठीनं बांधा की एका झटक्यात ओढून काढता येईल.

बांध पेटवू नका

घराच्या डोंगराकडच्या बाजूला गवत काढून पट्टा करायची वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी. गवत पिवळं पडलेलं असतं, पण विळ्याला येतं आणि जनावरांना चालतं. कापून घ्या, मग वखर किंवा रोटाव्हेटर फिरवून माती उघडी करा. शेजारी गुडघाभर गवत असेल तर दहा फुटांचा पट्टा वाऱ्याच्या दिवशी आग सहज ओलांडते, म्हणून डोंगराकडच्या बाजूला वीस फूट धरा. शेजारच्या दोन-चार वस्त्यांनी मिळून एकच सलग पट्टा काढला तर ट्रॅक्टरचं भाडं वाटलं जातं आणि मधे खिंड उरत नाही.

हा पट्टा जाळून काढायचा मोह टाळा. वन विभाग जाळरेषा काढतो तेव्हा माणसं, साधनं आणि वेळ ठरलेली असते. एकट्या शेतकऱ्यानं दुपारी बांध पेटवला आणि वारा फिरला, तर पुढचं त्याच्या हातात राहत नाही. कितीतरी वणवे असेच एखाद्या बांधावरून डोंगरात गेलेले असतात. माजलगाव, गेवराईच्या बागायती पट्ट्यात उसाचं पाचट जाळताना हेच होतं. एका हेक्टरला आठ ते दहा टन पाचट निघतं. ते जाळलं तर राख उरते, सरीत कुजवलं तर खोडव्याला खत आणि ओल मिळते.

डोंगर पेटवला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, ही समजूत मेंढपाळांत आणि गुराख्यांत खोलवर रुजलेली आहे. तिचं उत्तर कुसळाच्या बियांतच आहे. कुसळाच्या बियाला मागं लांब शेपूट असतं. दमट हवेत ते पीळ खातं, उलगडतं आणि बी मातीत शिरतं. त्यामुळं वरून आग गेली तरी मातीतलं कुसळ वाचतं, आणि उघड्यावर पडलेलं इतर चांगल्या गवतांचं बी मात्र जळून जातं. दरवर्षी डोंगर जाळणाऱ्याला कुसळच वाढून मिळतं, जे मेंढरांच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात रुततं. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जाते, ते निराळंच. बीडच्या ज्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची झुडपंही याच आगीत होरपळतात. गावच्या बैठकीत कायद्याची भीती घालण्याआधी हे सांगा. मेंढपाळाला त्याच्या मेंढराचं नुकसान लवकर पटतं.

कायदाही माहीत असावा. राखीव वनात आग लावणं किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. ज्यांना वनात चराईचे किंवा सरपण गोळा करण्याचे हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर देणं आणि विझवायला मदत करणं कलम ७९ नुसार बंधनकारक आहे. निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कुलूप लावलेली घरं आणि कोप्या

आपल्या जिल्ह्याचं एक दुखणं इतर कुठल्याही वणव्याच्या मार्गदर्शिकेत सापडणार नाही. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. गावात उरतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि कुलूप लावलेली घरं. पट्टा काढायचे, गवत कापायचे महिने नेमके हेच. जाताना घर बंद करायच्या आधीच मागचं सरपण हलवा, पत्र्याखालची फट लिंपा, मेन स्विच बंद करा, गॅसची टाकी शेजारी ठेवायला द्या. डिसेंबरात घराभोवतीचं गवत कापायची जबाबदारी भावकीत कुणाला तरी द्या, आणि त्याची मजुरी आत्ताच देऊन ठेवा. आई-वडील मागं राहणार असतील, तर आग दिसल्यावर त्यांना गावात नेऊन पोचवणारा मोटारसायकलवाला कोण, हे नाव ठरवून त्याचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा. ग्रामपंचायतीनं अशा घरांची यादी केली, तर आगीच्या वेळी कुठं माणूस आहे आणि कुठं नाही याचा गोंधळ होत नाही.

आणि तिकडं, ऊसतोडीच्या तळावर, त्याच माणसांचं घर म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी. एका ओळीत, एकमेकींना खेटून. माणसं पहाटेच फडात जातात, कोपीत लहान लेकरं असतात, दारात चुलीतला विस्तव असतो. एक कोपी पेटली की ओळ जायला काही मिनिटं पुरतात. मला हे सगळ्यांत जास्त जाचतं, कारण इथं घरमालकाच्या हातात फार थोडं आहे. तरी जे आहे ते कराच. दोन कोप्यांत किमान दहा-बारा फूट अंतर सोडा, चार-पाच कोप्यांनंतर गाडी जाईल एवढी वाट ठेवा. चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तिन्ही बाजूंनी मातीचा किंवा दगडाचा आडोसा करून मांडा. फडात जाताना विस्तवावर पाणी टाका, राखेखाली दाबून ठेवू नका. उजेडासाठी चिमणी वापरू नका, बॅटरीचा दिवा वापरा. कोपीचं दार बाहेरून कधीच बांधून जाऊ नका, आत लेकरू असेल तेव्हा तर नाहीच. टोळीतली एक म्हातारी किंवा एक बाई पाळीपाळीनं तळावर थांबेल असं मुकादमाशी ठरवा. बैल सुटत्या गाठीनं बांधा. आधार, बँकेचं पुस्तक, उचलीच्या हिशोबाची वही यांचे फोटो काढून गावाकडच्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा.

तळाला जागा किती द्यायची, पाण्याची टाकी कुठं भरून ठेवायची, रात्री राखण कुणी करायची, हे कारखान्यानं आणि मुकादमानं ठरवायचं असतं. करार करतानाच हे मागून घ्या. मोकळी जागा आणि भरलेली टाकी देण्याएवढी कुवत प्रत्येक कारखान्याकडं आहे.

धूर दिसल्यावर

पहिला फोन वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर, आणि घरांना धोका असेल तर १०१ किंवा ११२ वर. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणं शोधून वन कर्मचाऱ्यांना मोबाईलवर सूचना पाठवते, नाव नोंदवणाऱ्या कुणालाही ती मिळू शकते. पण उपग्रहाला लहान आग दिसत नाही आणि तो सतत डोक्यावर नसतो. तुमचा फोनच लवकर पोचतो. अग्निशमन गाडी नगरपरिषदेच्या गावातून निघणार, तिला वस्तीवर यायला वेळ लागणार. म्हणून पाणंद आधीच काट्याकुट्यांतून मोकळी ठेवा आणि एक माणूस फाट्यावर गाडीची वाट बघत उभा करा.

पाण्याच्या भरवशावर बसू नका. बोअरची मोटर चालायला लाईट लागते, शेतीची लाईट पाळीनं येते, आणि आग लागली की ती मुद्दामही बंद करावी लागते. उन्हाळ्यात टँकरच्या गावात घागरभर पाणीही मोजून वापरलं जातं. तरी दोनशे लिटरचा एक ड्रम फक्त आगीसाठी भरून, झाकून ठेवा आणि त्याला दुसरं कुणी हात लावणार नाही असं घरात ठरवा. खांद्यावरचा फवारणी पंप ठिणग्या विझवायला उत्तम. औषधाचा नको, स्वच्छ धुतलेला वेगळा पंप असू द्या. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर असेल तर फेब्रुवारी ते मे त्याची टाकी रात्री भरून ठेवा. अख्ख्या शिवारात त्याच्याएवढं कामाचं यंत्र दुसरं नाही.

जनावरं सगळ्यांत आधी सोडा. दावं सोडत बसू नका, विळ्यानं कापा. गोठ्यात विळा एका ठरलेल्या खुंटीवर टांगलेला असावा. भ्यालेलं जनावर पुन्हा गोठ्याकडं पळतं, म्हणून ती नांगरलेल्या रानात हाकला आणि गोठ्याचं दार लावून घ्या. लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर बाई यांना आग दिसताक्षणी गावात पाठवा. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात १७३ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या सरकारनं घर सोडायचं असेल तर लवकर सोडा, यावर सगळा भर दिला. धूर रस्त्यावर उतरल्यावर निघणं हे थांबण्यापेक्षाही धोक्याचं असतं. उतारावर, आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नका. पळायची वेळ आलीच तर आधीच जळून काळ्या झालेल्या जमिनीवर किंवा नांगरटीत जा.

विझवायला जाणाऱ्यानं सुती कपडे घालावेत, पायात बूट, डोक्याला ओला रुमाल. नायलॉनची साडी आणि टेरिकॉटचा सदरा आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो, हे घरातल्या बायांना आवर्जून सांगा, कारण घागरी घेऊन धावणाऱ्या बहुधा त्याच असतात. लिंबाच्या हिरव्या डहाळ्यांनी किंवा ओल्या पोत्यानं आग दाबून विझवायची, जोरात झोडपून ठिणग्या उडवायच्या नाहीत. बाजूनं सुरुवात करून टोकाकडं जायचं, आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर गेल्या की डहाळी टाकून मागं या. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा, वरून घोंगडी टाका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, मग स्वच्छ फडकं आणि १०८. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका.

आग निघून गेली म्हणजे काम संपलं असं नाही. पुढचे पाच-सहा तास दर अर्ध्या तासानं घराभोवती फिरा. गोवऱ्यांची रास, खताचा उकिरडा, पत्र्याखालची लाकडं, झाडाची पोकळ ढोली, कापसाची खोली, गंजीचा बुडखा, सगळीकडं हात लावून पाहा. गोवरी रात्रभर आत धगधगत राहते आणि पहाटेच्या वाऱ्यावर पेटते. घरं बऱ्याचदा जातात ती याच वेळी, दमून सगळे झोपल्यावर.

नुकसान झालंच तर

राख झाडायच्या आधी फोटो काढा, घराचे, जनावरांचे, जळलेल्या धान्याचे. तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला त्याच दिवशी कळवा आणि पंचनाम्यात प्रत्येक वस्तू लिहिली गेली का ते वाचून मगच सही करा. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून करून घ्या, त्या दाखल्याशिवाय मदत मिळत नाही. आग तारांमुळं लागली असेल, तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीचा आग्रह धरा. महावितरणकडं भरपाई मागताना तोच अहवाल आधार असतो. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण नष्ट झालं तर १ लाख २० हजार रुपये, झोपडीसाठी ८ हजार, गोठ्यासाठी ३ हजार, दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७ हजार ५०० आणि बैलासाठी ३२ हजार रुपये धरलेले होते. निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्या.

या रकमेत घर उभं राहत नाही, हे कुणालाही कळतं. म्हणून पक्कं घर असेल त्यानं विम्याचा विचार करावा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आगीबरोबर वणव्याचाही उल्लेख आहे, आणि घराच्या विम्यासोबत घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. पत्र्याच्या किंवा कुडाच्या घराला ती देतात का, खोलीत साठवलेला कापूस आणि बाहेरचा कडबा तिच्यात येतो का, हे दोन प्रश्न एजंटाला सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जनावरांचा विमा वेगळा काढावा लागतो. कानातला बिल्ला पडला तर दावा अडतो, तेव्हा बिल्ला जागेवर आहे की नाही हे दर महिन्याला पाहत जा.